उत्तर आलं नाही, म्हणजे निरोप पोचलाच नाही का?

मागच्या वेळी आपण अनुपलब्धी पाहिली. घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. पण हे खोलीत उजेड असेल तरच. अंधारात घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. भाट्ट मीमांसकांची ही योग्यानुपलब्धी. हसू नका, पण ती आम्हाला नीट कळली वाचनालयातल्या संगणकांपाशी.

तिथे दोन सबनेट. कचेरीचं १९२.१६८.१.०, वाचनकक्षाचं १९२.१६८.२.०, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. पुढे आपण शेवटचे दोनच आकडे बोलू. मधल्या राउटरचा कचेरीकडचा पत्ता १.२५४, वाचनकक्षाकडचा २.१. इंटरनेटचा राउटर वेगळा, कचेरीत, १.१. ग्रंथसूची १.२० वर. वाचनकक्षातल्या २.१० वरून तिला पिंग केलं, की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. वाचक खोळंबलेले, आणि आम्ही दोन दिवस केबल टाकणाऱ्या मुलाला बोल लावत होतो. तो बिचारा निर्दोष होता.

पिंग हे नाव माइक मूस यांनी १९८३ साली सोनारवरून दिलं. आवाज सोडायचा, प्रतिध्वनीची वाट पाहायची. म्हणजे प्रवास दोन! २.१० मास्क लावून बघतो: १.२० आपल्या आळीतला नाही. म्हणून पॅकेट गेटवेकडे, २.१ कडे. राउटर ते पोचवतो. आता १.२० उत्तर देतो. त्याच्या लेखी २.१० परका, म्हणून तोही आपल्या गेटवेकडे जातो. पण त्याचा गेटवे १.१! त्याला २.० ठाऊकच नाही. तो उत्तर इंटरनेटच्या बाजूला ढकलतो, तिथे ते हरवतं.

मग उजेड कसा करायचा? १.२० वर वायरशार्क लावायचा. विनंती दिसतच नसेल, तर दोष जाण्याच्या वाटेवर: मास्क, गेटवे, राउटरचं फॉरवर्डिंग बघा. (मास्क चुकून २५५.२५५.०.० पडला, तर यंत्र समोरच्याला शेजारी समजून आळीतच हाका मारत बसतं.) विनंती दिसते पण उत्तर निघत नाही, तर बहुधा फायरवॉल, विंडोजची फायरवॉल परक्या सबनेटचा पिंग बरेचदा अडवते. आमच्याकडे दोन्ही दिसलं. विनंती आली, उत्तर निघालं. म्हणजे परतीची वाटच नव्हती.

उपाय एका ओळीचा. १.१ वर स्टॅटिक रूट: २.० कडे जायचं तर १.२५४ मार्गे. पण काही राउटर संवादाची एकच बाजू दिसली की ती अडवतात. पिंग चालतो, सूची उघडत नाही. तसं झालं तर तीच ओळ १.२० वर घालावी.