कारागिराची रेघ

आयटीआयमध्ये फिटर किंवा टर्नरला प्रवेश घेतलेल्या मुलांच्या हाती कानशीबरोबर पेन्सिलही येते आणि बरेच जण बिचकतात. आपली चित्रकला कच्ची आहे, ही त्यांची धास्ती. ती अनाठायी आहे. इथे देखणेपणापेक्षा अचूकपणा लागतो आणि तो सरावाने नक्की येतो.

सुरुवात रेघेपासून होते. दिसणारी कड जाड सलग रेघेने, आड लपलेली कड तुटक रेघेने दाखवायची. मापं मिलिमीटरमध्ये.

अवघड भाग पुढे आहे. पायरीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल, हे तीन आकृत्यांत मांडावं लागतं. भारतात प्रथम कोन पद्धत रूढ आहे. तीत वरचं दृश्य समोरच्या दृश्याखाली येतं. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते, तिथे ते वर काढतात. पद्धत न ओळखता ड्रॉइंग वाचलं, तर डावीकडची खाच उजवीकडे पडू शकते आणि माल भंगारात जातो.

म्हणूनच नुसत्या स्वच्छ शीटला गुण देणं पुरेसं नाही. एकाची शीट दुसऱ्या प्रशिक्षणार्थ्याला द्यावी. काही न विचारता त्याला ठोकळ्यावर आखणी जमते का, हे शिल्प निदेशकाने पाहावं. भोकाचा व्यास लिहिला, पण कडेपासूनचं अंतर राहिलं, तर पंच कुठे मारायचा हेच त्याला कळणार नाही.