शेवटच्या कडव्यातले नाव

मागच्या भीमजयंतीची गोष्ट. मिरवणूक निघायला अवकाश होता. वस्तीतली पोरे निळ्या झेंड्याखाली जमली होती आणि माझ्या भाच्याने मोबाईल स्पीकरला जोडून गाणी लावली होती. त्यातल्या एका गाण्याने मला जागीच थांबवले. चाल ओळखीची नव्हती, आवाजही नव्हता. पण लिहिणारा माणूस चळवळीच्या भट्टीतून निघाला आहे, हे पहिल्याच कडव्यात कळत होते. मी विचारले, "कुणाचं रे हे गाणं?" भाच्याने पडद्यावर पाहिले. "मामा, 'नॉनस्टॉप भीमगीते' एवढंच लिहिलंय." "अरे, पण लिहिलं कुणी? गायलं कुणी?" "ते नाही दिलेलं." मी म्हटले, थांब, शेवटचे कडवे येऊ दे, त्यात नाव असेल. आम्ही दोघे कान देऊन उभे राहिलो. तिसरे कडवे संपले आणि चौथे सुरू व्हायच्या आत ढोलाचा दणका बसून पुढचे गाणे लागले. गाणी एकमेकांना जोडणाऱ्याने नेमके शेवटचे कडवेच कापले होते.

वाचकहो, शेवटच्या कडव्यात काय असते हे आपल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. तिथे कवीचे नाव असते. चोखोबा, रैदास, कबीर यांनी आपले नाव रचनेच्या शेवटी गुंफले. ज्यांना पोथीला हात लावण्याची बंदी होती, त्यांनी आपले नाव लोकांच्या तोंडात ठेवले. गाणे पाठ झाले की नावही पाठ होई. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले ते याच मौखिक परंपरेच्या बळावर. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली आणि गाण्याच्या अखेरीस 'वामन' ही मुद्रा उमटवली. २००४ साली वामनदादा गेले. त्यांच्याकडे छापखाना नव्हता, कंपनी नव्हती. त्यांची मालकी सांगणारा कागद म्हणजे ते शेवटचे कडवे होते.

मग कॅसेटचा काळ आला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागत. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे बारीक अक्षरात का होईना, पण असत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टॉलवर एक माणूस बसलेला असे. प्रल्हाद शिंदे मागितले की तो म्हणे, "हे तर घ्याच, पण हा नवा पोरगा ऐका, विठ्ठल उमपांच्या वळणाचा आहे." नवे गाणे आपल्यापर्यंत असे एका जाणकार माणसाच्या हातून येत होते.

आज त्या माणसाच्या जागी यंत्र बसले आहे. हे यंत्र काम कसे करते? ढोबळ मानाने सांगायचे तर, ज्यांनी हे गाणे ऐकले त्यांनी आणखी काय ऐकले, किती वेळ ऐकले, कुठे सोडून दिले, याचा हिशेब ते ठेवते आणि त्यावरून पुढचे गाणे सुचवते. म्हणजे जे पुष्कळांनी ऐकले तेच आणखी पुष्कळांना ऐकवले जाते. ज्याला श्रोता नाही त्याचा हिशेब नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्याला श्रोता मिळत नाही. यंत्राला जात कळत नसेल. पण ज्याच्यामागे भांडवल आणि जाहिरात आहे तो पुढे आणि ज्याच्यामागे काही नाही तो मागे, ही जुनी उतरंड ते इमानाने चालवते. अशा यंत्रापुढे गाण्यावर कवीचे नावच नसले तर त्या कवीचे दुसरे गाणे शोधायचे कसे? नाव गेले की वाटच बुजते.

पण यंत्राला शिव्या देऊन मोकळे होणे हा आपला मार्ग नव्हे. याच यंत्राने आपल्याला जे दिले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दारोदार एकतारीवर गाऊन पोट भरणाऱ्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात यांचा आवाज कुठल्या कंपनीने शोधला नाही. तो मोबाईलवरच्या चित्रफितीतून महाराष्ट्रभर गेला. जालंधरच्या गिन्नी माही हिने गुरू रविदास आणि बाबासाहेबांवरची गाणी पंजाबी पॉपच्या ठेक्यावर गायली. कॉलेजात एका मुलीने जात विचारली आणि 'चमार म्हणजे डेंजर' असे म्हटले, त्यातून २०१६ साली तिचे 'डेंजर चमार' आले. ओडिशातल्या कोरापुटच्या सुमीत सामोसने जेएनयूत शिकताना जातीवर रॅप रचले. ही माणसे आपल्याला कुठल्या चित्रवाणीने दाखवली असती?

आणि चेन्नईचे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' घ्या. दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केलेला हा वृंद जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. उत्तर चेन्नईच्या श्रमिक वस्त्यांत मयताच्या वेळी गायला जाणारा 'गाना' हा प्रकार, त्याच्या जोडीला रॅप, रॉक आणि चामड्याची वाद्ये. मला तमिळ येत नाही. पण आपल्या हलगीचा कान असलेल्या माणसाला तो ताल परका वाटत नाही. या वृंदाच्या नावाचा अर्थ शोधू लागलो तेव्हा पंडित अयोथी दास (१८४५ ते १९१४) भेटले. आपल्या लोकांना 'जातिविरहित तमिळ' म्हणा असे सांगणाऱ्या या माणसाने १८९८ साली मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला होता. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी! एका गाण्याच्या नावाला धरून मी आपल्याच इतिहासाच्या एका दालनात पोचलो. नाव जपण्याचा उपयोग हा असा आहे.

गाण्यातले नाव काय करू शकते, याची साक्ष सातासमुद्रापलीकडेही आहे. अमेरिकेत मिसिसिपी जॉन हर्ट नावाचा एक काळा शेतमजूर गिटार वाजवून गायचा. १९२८ साली त्याच्या थोड्या रेकॉर्ड निघाल्या. त्या फारशा खपल्या नाहीत, पुढे मंदी आली आणि तो परत शेतावर राबायला गेला. पस्तीस वर्षे जगाने त्याची विचारपूस केली नाही. जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांना वाटे, हा कधीच मेला असेल. पण त्याच्या एका गाण्यात त्याच्या गावाचे नाव होते, ॲव्हलॉन. टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने जुन्या नकाशात ते गाव शोधले आणि १९६३ साली तो थेट तिथे गेला. म्हातारा जिवंत होता! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात गायला आणि १९६६ साली मरण येईपर्यंत मानाने गात राहिला. ते गावाचे नाव असलेली ओळ कुणी कापली असती तर?

नाव असूनही ते झाकले जाते, हेही आपण पाहिले आहे. मार्च २०२१ मध्ये आलेले 'एंजॉय एंजामी' कोट्यवधी लोकांनी ऐकले. गायिका धी, संगीतनिर्माता संतोष नारायणन आणि गीतकार-गायक अरिवू. त्यातली वेदना अरिवूच्या आजीच्या आयुष्यातून आलेली; वल्लियम्माळ श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात राबून परतलेल्या, भूमिहीन. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या निमित्ताने इतर गायक झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, समाजमाध्यमांवर लोक बोलले, आणि नंतर अरिवूचेही मुखपृष्ठ काढावे लागले. गाण्यात कुणाचा वाटा किती यावर पुढेही वाद झाला. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्याला त्यातून घ्यायचा धडा एवढाच की लोक नावाने बोलले म्हणून नाव परत आले.

काही जण म्हणतील, गाणे बाबासाहेबांचे आहे, समाजाचे आहे, कवीच्या नावाचे एवढे काय? बांधवांनो, हा मोठेपणा कवीच्या उपाशी लेकरांसमोर बोलून दाखवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेला संरक्षण दिले आहे. वामनदादांच्या गीतांना ते २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान हक्क दिला. तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही देऊन टाकता येत नाही. पण जिथे गाण्याच्या नोंदीत गीतकाराचे नावच नाही, तिथे तो पैसा कुणाच्या दारात जाणार? घटनाकाराच्या लेकरांनी कायद्याने दिलेला हक्क निव्वळ हलगर्जीपणाने घालवायचा काय?

म्हणून श्रोत्यांनी काही सवयी लावून घ्याव्यात. 'भीमगीत' एवढाच शब्द टाकून यंत्र जे देईल ते ऐकत बसू नका. कवीच्या नावाने, गायकाच्या नावाने, गावाच्या नावाने शोधा. गाणे आवडले तर त्याच गायकाच्या स्वतःच्या पानावर जा, साथीला ढोलकी कुणाची आहे ते पाहा आणि त्या वादकाच्या मागे दुसऱ्या गायकापर्यंत पोचा. जोडगाण्यांपेक्षा अख्खे गाणे ऐका, शेवटपर्यंत ऐका. ज्याच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्याने फीत बुरशीने खराब व्हायच्या आत त्या उतरवून घ्याव्यात आणि डबीतल्या कागदाचा फोटोही सोबत ठेवावा. गाणे नेटवर चढवणाऱ्या तरुणांनी गीतकार, गायक, संगीतकार, वादक, गाव आणि साल एवढे लिहिल्याशिवाय बोट उचलू नये. कवी किंवा त्याचे वारस हयात असतील तर आधी त्यांना विचारावे.

ते गाणे अजून सापडलेले नाही. भाच्याने त्याचा तुकडा मोबाईलमध्ये घेतला आहे आणि सुटीच्या दिवशी तो वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवत फिरतो. परवा आमच्या गल्लीतल्या एका आजींनी डोळे मिटून चाल धरली. पहिले दोन शब्द पुढचे आले, तिसऱ्याला अडखळल्या. "येईल आठवून," म्हणाल्या, "पुन्हा ये." भाचा पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. चौथे कडवे कुणाच्या तरी तोंडी नक्कीच आहे. ते तोंड मिटण्याआधी आपण तिथे पोचले पाहिजे.

जयभीम.