चष्मा घसरला, पायरी हुकली

चाळिशीनंतर पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून जिना उतरताना पायऱ्या धूसर दिसतात. काचेचा खालचा भाग वाचनासाठी असतो. पायरी मात्र पाच फुटांवर. मान झुकवून काचेच्या वरच्या भागातून पाहावे, कठडा धरावा. पंधरा दिवसांत बहुतेकांना सवय होते. तरीही त्रास राहिला की दोष नंबरला दिला जातो आणि नवा चष्मा कपाटात जातो. खरे तर चष्मा नाकावरून तीन-चार मिलिमीटर घसरला, तरी काचेतले भाग बुबुळासमोरून हलतात. नाकावरच्या गाद्या, कानामागच्या काड्या दुकानातच, चष्मा चेहऱ्यावर ठेवून जुळवून घ्याव्यात. बहुधा पैसेही पडत नाहीत. घरी पक्कड लावू नये. अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.