गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

हिंगोलीहून नांदेडला जाताना कळमनुरी मागे पडली, पुढच्या ट्रकला ओलांडायला पाय दाबला आणि गाडी हिसके देऊ लागली. पिकअप नाही, आवाज फाटका, सिग्नलला थांबली की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात. दोष बहुतेक वेळा किरकोळ निघतो. बिल फुगतं ते अंदाजाने पार्ट बदलत गेल्यामुळे.

आत काय घडतं?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा जळण होतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा. त्यासाठी हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी लागते. यातलं एक जरी चुकलं तरी तो ठोका रिकामा जातो. ऑल्टो के-१० किंवा एक लिटरची वॅगन-आर तीन सिलिंडरची असते. त्यातलं एक बंद पडलं, तर एक तृतीयांश ताकद गेली. म्हणून छोट्या गाड्या जास्त हादरतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्याची तपासणी वेगळी.

दिवा लुकलुकतोय का?

‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर पेटला असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. लुकलुकत असेल, तर मामला गंभीर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. या कन्व्हर्टरची किंमत प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉईलच्या कित्येक पट असते. वेग कमी करूनही लुकलुकणं थांबत नसेल, तर ‘वारंगा फाट्यापर्यंत नेऊ’ म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि टोचन करून आणा.

आधी सिलिंडर शोधा

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे पहिलं सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरं. पी ०३०० आला तर दोष एका जागी बांधलेला नाही. तेव्हा पेट्रोलचा दाब, हवेची गळती किंवा खराब पेट्रोल याकडे आधी बघावं.

हा कोड ठरतो क्रँकच्या वेगावरून. ठोका चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो आणि सेन्सर ते टिपतो. म्हणजे कोड कोणतं सिलिंडर ते सांगतो, कारण सांगत नाही. पी ०३०२ दिसताच दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर मागवणं हा निव्वळ जुगार आहे.

स्कॅनर नसेल, तर इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघतात. ज्याचं काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, ते सिलिंडर दोषी.

अदलाबदल करून बघा

माझ्या मते याहून उपयोगी तपासणी नाही. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरला असेल, तर त्याची कॉईल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर बसवा. कोड पुसा, गाडी थोडी फिरवून आणा. आता पी ०३०१ आला, तर कॉईल खराब. पी ०३०२ च राहिला, तर कॉईल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करा. नवा पार्ट एकही लागत नाही. मात्र प्लग थंड इंजिनावरच काढावा, गरम असताना ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे निघून येऊ शकतात.

काढलेला प्लग नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ऑइलने माखलेला असेल तर रिंग किंवा वाल्व्ह सील, नुसता पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही. प्लगच्या खळग्यात ऑइल साचलं असेल, तर आधी तिथलं सील बदला, नाहीतर नवी कॉईलही खराब होईल.

ठिणगी ठीक असूनही…

मिसिंग फक्त आयडलला होत असेल आणि रेस दिल्यावर जात असेल, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा व्हॅक्यूमचा पाइप हवा ओढत असण्याची शक्यता जास्त. चढावर, भार आल्यावरच होत असेल, तर ठिणगी कमजोर किंवा पेट्रोलचा दाब कमी.

हे सगळं निर्दोष निघालं, तरच कंप्रेशन मोजायचं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एकात दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात: वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर संशय वाल्व्हवर. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत कमी आला, तर हेड गॅस्केट.

उंदीर, पाणी आणि सीएनजी

आपल्या भागात गाडी शेतातल्या घरी, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहते. तिथे उंदीर इंजेक्टरची आणि कॉईलची वायर कुरतडतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी बॅटरीच्या उजेडात सगळं वायरिंग बघा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल काढायला इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं, तर ते प्लगच्या खळग्यात साचतं. धुलाईनंतर लगेच मिसिंग सुरू झालं असेल, तर आधी तिथलं पाणी हवेने उडवा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळाभर अर्ध्या टाकीवर गाडी उभी ठेवू नये.

सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून दुबळी कॉईल गॅसवर मिसिंग मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते. दोन्हींवर मिसिंग असेल, तर टॅपेटचा गॅप तपासून घ्या. गॅसवर वाल्व्हच्या सीट लवकर झिजतात.

पार्ट बदलायला होकार देण्याआधी मिस्त्रीला एवढं विचारा: मिसिंग कोणत्या सिलिंडरला आहे आणि कारण कशावरून ठरवलं? चांगला मिस्त्री अदलाबदल करून समोर दाखवतो. तो दाखवेपर्यंत पैसे खर्चू नका, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.