सी भाषा आणि दुरुस्तीची दुकाने

श्रीरामपूर, संगमनेर वा शेवगाव, कोणत्याही बाजारपेठेतून फेरफटका मारावा. मोबाईल दुरुस्तीचे दुकान आढळले नाही असे होत नाही. बंद पडलेला फोन केबलने संगणकाला जोडावयाचा, एक तयार प्रोग्रॅम चालवावयाचा आणि पडद्यावरील पट्टी भरण्याची वाट पाहावयाची, हा तेथील नित्यक्रम. पट्टी मध्येच अडली की कारागीर हतबल होतो. त्या प्रोग्रॅमच्या पोटात काय चालते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याच जिल्ह्यात १९८३ साली लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात आलेली ही विद्या शेतकऱ्याच्या मुलाला मोठाच आधार ठरली. सी भाषा तेथील विद्यार्थी शिकतो. परंतु तो आणि दुकानातील कारागीर यांची गाठ पडत नाही.

वस्तुतः सी ही याच कामाची भाषा. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविली ती युनिक्स प्रणालीसाठी, यंत्राच्या निकट राहून काम करता यावे म्हणून. अँड्रॉइड फोनमधील लिनक्सचा गाभाही मुख्यतः सीमध्येच लिहिलेला आहे. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चिपमधील कायमस्वरूपी आरंभ-प्रोग्रॅमला गाठतो, त्याच्या हाती दुसरा छोटा प्रोग्रॅम सोपवितो आणि त्याच्याकरवी फ्लॅश मेमरी पुन्हा लिहितो. या मेमरीत एखादेच अक्षर खोडून चालत नाही; आधी सबंध विभाग पुसावा लागतो.

येथे 'व्होलाटाइल' या एका शब्दाचे महत्त्व कळते. पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात. मेमरी पुसून झाली की नाही, हे चिपमधील एक रजिस्टर सांगते आणि त्यातील आकडा आपोआप बदलतो. हा शब्द लिहिला नाही, तर कंपायलर आकडा एकदाच वाचून तोच खरा धरून चालू शकतो. भंडारदऱ्याची पाणीपातळी सकाळी पाहून सायंकाळपर्यंत तोच आकडा सांगणाऱ्या कारकुनासारखे हे झाले (कारकूनबंधूंनी क्षमा करावी). प्रोग्रॅम मग अनंतकाळ वाट पाहत बसतो.

अशा ज्ञानाचा दुरुपयोग होईल, ही भीती अनाठायी नाही. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण तो क्रमांक बदलणाऱ्याला सी यावी लागत नाही; तयार प्रोग्रॅमवर त्याचे भागते.

इलेक्ट्रॉनिक्स शाखेत ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकवितात, हे खरे. मात्र तेथेही बरेचसे प्रयोग वहीत उतरवून संपतात. त्याऐवजी दुकानातील निकामी फोन प्रयोगशाळेत आणावेत आणि तो कारागीर महिन्यातून एक दिवस शिक्षक म्हणून बोलवावा. बोर्डावरील कोणत्या बिंदूला तार लावावी हे त्याला ठाऊक असते. त्या तारेतून आलेले अंक वाचणारा प्रोग्रॅम विद्यार्थी लिहू शकेल. यासाठी नवी इमारत लागत नाही, की अनुदानाची वाटही पाहावी लागत नाही.