मंगळाच्या पोटात दोन मीटर

मंगळावर कधीकाळी जीवसृष्टी होती का, या प्रश्नाचे उत्तर त्या ग्रहाच्या पृष्ठभागावर मिळणे कठीण आहे. तेथे चुंबकीय क्षेत्राचे कवच नाही आणि वातावरणही विरळ आहे. त्यामुळे अब्जावधी वर्षे वैश्विक किरणांचा मारा झेलणाऱ्या वरच्या थरात सेंद्रिय रेणू टिकणे अवघड. ‘क्युरिऑसिटी’सारख्या रोव्हरचे ड्रिल खडकात काही सेंटीमीटरच शिरते. म्हणूनच युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘रोझालिंड फ्रँकलिन’ रोव्हरची सारी रचना दोन मीटर खोलीभोवती बेतलेली आहे.

इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथे जुळणी झालेल्या या रोव्हरचे ड्रिल एकसंध नाही. मुख्य दांड्याला एकामागून एक तीन जोडदांडे लावत ते खाली उतरते. कोठे खोदायचे, हे ठरवण्यास जमिनीचा वेध घेणारे रडार मदत करते. अशा तयारीचे महत्त्व ‘इनसाइट’ मोहिमेने दाखवून दिले होते. पाच मीटरपर्यंत जाण्यासाठी घडवलेला तिचा शोधक मातीत पुरेसे घर्षण न मिळाल्याने जेमतेम स्वतःच्या लांबीइतकाच रुतला आणि २०२१ मध्ये तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

नमुना वर आला, तरी अडचण संपत नाही. मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार असल्याचे २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला आढळले. नमुना भट्टीत तापवला की हे क्षार ऑक्सिजन सोडतात आणि ज्यांचा शोध घ्यायचा तेच सेंद्रिय रेणू जळून जातात. त्यामुळे या रोव्हरमध्ये भट्ट्यांच्या जोडीला लेझरची सोय आहे. त्याच्या अतिशय अल्पकालीन स्पंदांनी रेणू मोकळे होतात, पण क्षारांना विघटनास अवधी मिळत नाही.

सर्वांत मोठी धास्ती मात्र पृथ्वीचीच आहे. येथून गेलेला एखादा सेंद्रिय अंश मंगळाचा पुरावा ठरू नये, यासाठी नमुन्याचा मार्ग अतिशुद्ध कक्षातूनच जातो. शिवाय उपकरणे स्वच्छ आहेत ना, हे पडताळण्यासाठी कोरे नमुनेही सोबत आहेत.

युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाशी असलेले सहकार्य संपले आणि २०२२ चे उड्डाण रद्द झाले. आता उड्डाण २०२८ मध्ये नियोजित आहे. २०३० मध्ये रोव्हर ‘ऑक्सिया प्लानम’ या प्राचीन चिकणमातीच्या मैदानात उतरेल, अशी योजना आहे. तेथेही काही सापडले नाही, तर ‘मंगळावर जीवसृष्टी नव्हती’ असे म्हणता येणार नाही. पण शोध आणखी किती खोल न्यायचा, हा प्रश्न अटळ होईल.