लॅपटॉप ते पडदा: केबल घेण्याआधी काय तपासायचं?

संशोधनात यायचं ठरवलं की आपण शोधनिबंध वाचायला लागतो, संख्याशास्त्र शिकतो, पायथॉन शिकतो. लॅपटॉप पडद्याला कसा जोडायचा हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं, आणि पहिल्या सेमिनारच्या दिवशी घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. विभागातला प्रोजेक्टर जुना, तुमचा लॅपटॉप नवाकोरा, त्याला फक्त दोन यूएसबी-सी पोर्ट, आणि समोर समितीचे सदस्य घड्याळाकडे बघतायत.

तरी हा त्रास त्यातल्या त्यात बरा. पडदा काळा राहिला तर काहीतरी बिघडलंय हे निदान कळतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे चित्र व्यवस्थित दिसतं, पण तुमच्या प्रोग्रामने पाठवलेलं ते चित्र नसतं. तुम्ही सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा पडद्यावर बघून पेशी मोजणार असाल किंवा लोकांना चित्रं दाखवून त्यांचा प्रतिसादाचा वेळ मोजणार असाल, तर केबल तुमच्या उपकरणाचाच भाग आहे. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

तोंडाचा आकार आणि आतला सिग्नल

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: केबलचं तोंड पोर्टमध्ये बसलं म्हणजे सिग्नल जाईलच असं नाही. आकार ही एक गोष्ट आणि त्यातून वाहणारा सिग्नल ही दुसरी.

व्हीजीए आलं १९८७ मध्ये, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. निळ्या रंगाचं, १५ पिनांचं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं. हा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची तीव्रता व्होल्टेजच्या चढउतारातून जाते. १९९९ मध्ये आलेलं डीव्हीआय हा मधला टप्पा. त्याच्या काही प्रकारांत अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही सिग्नल असतात, काहींत एकच. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ ची, डिस्प्लेपोर्टची २००६ ची. दोन्ही डिजिटल, पण त्यांची भाषा वेगळी. एचडीएमआय चित्राचे बिट सलग प्रवाहात पाठवतं, डिस्प्लेपोर्ट ते छोट्या पाकिटांत बांधून पाठवतं.

यूएसबी-सी हे तर फक्त तोंडाचं नाव आहे. त्या पोर्टमधून चार्जिंग, डेटा आणि डिस्प्लेपोर्टचा सिग्नल असं सगळं जाऊ शकतं. 'शकतं' हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन यूएसबी-सी पोर्ट असले तरी चित्र एकाच पोर्टमधून बाहेर पडतं. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर काम सोपं. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहितीपुस्तिका बघा. केबलचंही तसंच. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या यूएसबी-सी केबलमध्ये बहुतेक वेळा चार्जिंगपुरत्या आणि धिम्या डेटापुरत्याच तारा असतात. ती मॉनिटरला लावली तर चित्र येणार नाही, आणि दोष तुम्ही मॉनिटरला द्याल.

अ‍ॅडॅप्टर कधी नुसती तार, कधी दुभाषा

अ‍ॅडॅप्टर दोन जातींचे असतात. पॅसिव्ह अ‍ॅडॅप्टर मुख्यतः तारांची जोडणी बदलतो. अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टरमध्ये चिप असते आणि ती एका भाषेचं दुसऱ्या भाषेत रूपांतर करते.

डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयवर जाणारा स्वस्त अ‍ॅडॅप्टर चालतो, कारण अनेक संगणकांचं डिस्प्लेपोर्ट दुभाषी असतं. समोर एचडीएमआय आहे हे ओळखून ते स्वतःच त्या भाषेत बोलायला लागतं. अशा पोर्टवर दोन अधिकची चिन्हं असलेली खूण असते. उलटं मात्र होत नाही. एचडीएमआय पोर्टला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशा केबलला दिशा असते, ती यामुळेच. दुकानात 'एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट केबल द्या' एवढंच सांगितलंत तर उलट्या दिशेची केबल हातात पडायची शक्यता भरपूर. लॅपटॉपला कोणतं तोंड आणि पडद्याला कोणतं, हे दोन्ही सांगा.

एचडीएमआयमधून व्हीजीएवर जायचं तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग करावं लागतं, म्हणजे इथेही चिप हवीच. ती एचडीएमआय पोर्टमधल्याच ५ व्होल्टवर चालते. व्हीजीएमधून आवाज जात नाही हेही ध्यानात ठेवा. सादरीकरणात ध्वनिफीत असेल तर हेडफोनचं छिद्र असलेला अ‍ॅडॅप्टर घ्या.

खोक्यावरचा '४के' आणि खालची बारीक अक्षरं

आता थोडं गणित करू. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला साधारण ३ गिगाबिट होतात. ४के पडद्यावर पिक्सेल चौपट, म्हणून साधारण १२ गिगाबिट. दोन चित्रांमधली मोकळी जागा आणि सिग्नल सांकेतिक रूपात पाठवताना लागणारे जास्तीचे बिट धरले, की एचडीएमआयवर हा आकडा १७.८ गिगाबिटपर्यंत जातो.

हा आकडा हाताशी ठेवून आवृत्त्यांकडे बघा. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट, २.० ची १८ आणि २.१ ची ४८. म्हणजे १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाणार, ६० साठी २.० हवं. लॅपटॉप, अ‍ॅडॅप्टर, केबल आणि मॉनिटर या साखळीत एक कडी जरी १.४ ची असली तरी सगळी साखळी ३० वर येते.

यूएसबी-सी हबचा घोळ इथलाच. यूएसबी-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबला पेनड्राइव्हसाठी वेगवान यूएसबीही द्यायचं असतं, म्हणून तो दोन जोड्या चित्राला आणि दोन डेटाला देतो. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन जोड्यांतून चित्रासाठी ८.६४ गिगाबिट मिळतात. ४के सेकंदाला ३० वेळा पाठवायला ते पुरतात, ६० वेळा पाठवायला पुरत नाहीत. खोक्यावर '४के' मोठ्या अक्षरांत असतं आणि '३० हर्ट्झ' कोपऱ्यात. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर गेलात तरी आणि ऑनलाइन मागवलंत तरी, आधी तो कोपरा वाचा.

केबलच्या किमतीबद्दल दोन शब्द. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, चित्र सुधारत नाही. एचडीएमआय केबल आवृत्तीच्या आकड्यावरून न घेता वेगाच्या वर्गावरून घ्या. ४के ६० साठी 'प्रीमियम हाय स्पीड' पुरते, ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते. लांबीही बघा. साधी तांब्याची केबल ४के ६० साठी सुमारे पाच मीटरपुढे भरवशाची राहत नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकायला लागले किंवा पडदा मधूनच काळा झाला तर सिग्नल काठावर आहे असं समजा.

चित्र दिसतंय, पण खरं आहे का?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिग्नलला जागा कमी पडली की यंत्रं आपसात तडजोड करतात, आणि बहुतेक वेळा तुम्हाला विचारत नाहीत.

पहिली तडजोड वेळेची. समजा, प्रयोगात एखादं चित्र ५० मिलिसेकंद दाखवायचंय. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर तीन फ्रेम. हबमुळे पडदा ३० हर्ट्झवर आला तर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची. आता ५० दाखवताच येत नाही. एक तर ३३ नाहीतर ६७. तुमच्या कोडमध्ये ५० लिहिलेलं असेल आणि सहभागी व्यक्तीने दुसरंच काही पाहिलेलं असेल.

दुसरी तडजोड रंगाची. जागा वाचवण्यासाठी उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवायची आणि रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एक, अशी एक पद्धत आहे. तिला ४:२:० म्हणतात. चित्रपट बघताना फरक कळत नाही. आलेखातली बारीक लाल रेघ किंवा रंगीत अक्षरं मात्र पसरट दिसतात.

तिसरी काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेची. संगणक ० ते २५५ पातळ्या पाठवतो. टीव्ही अनेकदा १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा असं धरून चालतो. दोघांचं जुळलं नाही तर १६ च्या खालचं सगळं काळं होतं. फ्लोरेसन्स प्रतिमेतल्या मंद पेशी तिथेच असतात. फाइलमध्ये त्या आहेत, पडद्यावर नाहीत, आणि मोजणारा माणूस बघतोय पडद्याकडे.

यावर उपाय साधा आहे. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि रंगाचं स्वरूप दिसतं. लिनक्सवर एक्स सर्व्हर असेल तर एक्सरँडआर ही आज्ञा रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट सांगते. मोजमाप सुरू करण्याआधी हे बघायचं.

जुना प्रोजेक्टर ओळख देत नाही तेव्हा

जोडल्याबरोबर पडदा लॅपटॉपला आपली ओळख सांगतो: माझं रिझोल्यूशन अमुक, मला हे हे चालतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये यासाठी वेगळ्या पिना असतात. भिंतीतून नेलेल्या जुन्या केबलमध्ये किंवा स्वस्त स्प्लिटरमध्ये त्या जोडलेल्या नसल्या, तर लॅपटॉप अंदाजाने कमी रिझोल्यूशन धरतो आणि स्लाइड ताणलेली किंवा कापलेली दिसते. अशा वेळी प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन हाताने निवडा. जुन्या प्रोजेक्टरचं ते अनेकदा १०२४ × ७६८ असतं, म्हणजे ४:३. सभागृह आधी बघून आलात तर स्लाइडही त्याच मापात करता येतील.

खरेदीआधीचे चार प्रश्न

१. लॅपटॉपच्या नेमक्या त्या पोर्टमधून कोणता सिग्नल बाहेर पडतो?
२. पडद्याला कोणता सिग्नल कळतो? दोन्ही एकच नसतील तर मध्ये चिप लागेल का, आणि कोणत्या दिशेने?
३. मला कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्झला हवंय? साखळीतली प्रत्येक कडी ते पेलते का?
४. अंतर किती?

सादरीकरणाला जाताना बॅगेत यूएसबी-सी ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते व्हीजीए असे दोन अ‍ॅडॅप्टर, लॅपटॉपचा चार्जर आणि पेनड्राइव्हवर स्लाइडची पीडीएफ एवढं असू द्या. दोन्ही अ‍ॅडॅप्टर एकमेकांना जोडून घरीच एकदा चालवून बघा. दोन चिपांचं आपसात पटतंच असं नाही.

आणि प्रयोग पडद्यावर होणार असेल, तर प्रयोगवहीत मॉनिटरचं मॉडेल, रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि मध्ये काय जोडलं होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दोन वर्षांनी शोधनिबंधाचा परीक्षक विचारेल, तेव्हा तो हब कदाचित कुणीतरी घरी नेलेला असेल.